आजीच्या घरातच राहू द्या तिला

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मामांनी विचारलं आहे. बहीण आणि मेहुणे दोघंही गेले. त्यांची दहा वर्षांची मुलगी एचआयव्हीसह जगते आहे, सहाव्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात ती आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे राहते. आजीची पासष्टी उलटली आहे, गुडघे धरलेत. मागच्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, १४,००० आला. गावात कुजबुज सुरू झाली आहे. कुणीतरी सुचवलं, ‘अशा मुलांची संस्था असते, तिथं ठेवा.’ पुण्याला आणावं तर घरात दोन वर्षांचं लेकरू आहे आणि बायकोच्या मनात धाकधूक. त्यात मुलगी आता विचारायला लागली आहे, ‘रोज गोळी मलाच का?’ आजवर तिला ‘रक्त वाढायची गोळी’ एवढंच सांगितलेलं आहे.

दादा, मी २००५ पासून हे काम करते. आधी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, समुपदेशक होते, नंतर घरभेटींसाठी गावोगाव फिरले. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात मुलीबद्दल सगळं आहे, आजीबद्दल फक्त गुडघे आहेत. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. या मुलीचा आजार आज औषधाने आवरता येतो. आवरत नाही ते आजीचं एकटेपण. रोजची गोळी देणारं, तारखेला सेंटरवर नेणारं, शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर देणारं आणि रात्री मुलीच्या प्रश्नापुढे गप्प बसणारं माणूस एकच आहे, आणि ते थकलेलं आहे. मुलीला हलवायचा विचार करण्याआधी आजीच्या भोवती चार माणसं उभी करता येतात का, ते बघू.

आधी त्या आकड्याचं बोलू. १४,००० म्हणजे औषध संपलं, आशा संपली असं नाही. आता बहुतेक मुलांना डोल्युटेग्रावीर असलेल्या गोळ्या मिळतात. हे औषध दमदार आहे, विषाणू त्याला सहजासहजी दाद देईनासा होत नाही. त्यामुळे या औषधावर असलेल्या मुलाचा लोड वर आला की मी पहिला प्रश्न विचारते, गोळी पोटात जाते आहे का? दुसरा प्रश्न, सोबत आणखी काय जातंय? लोहाची गोळी, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध याच्याबरोबर घेतलं तर डोल्युटेग्रावीर नीट अंगी लागत नाही. आजीने प्रेमाने आणलेली रक्तवाढीची बाटली मी दोन घरांत स्वतः पाहिली आहे. टॉनिक बंद करायलाच हवं असं नाही, वेळ बदलावी लागते. एआरटीची गोळी आधी, आणि निदान दोन तासांनी ते. तिसरा प्रश्न वजनाचा. मुलांची मात्रा वजनावर ठरते. सहाव्या वर्षी सुरू केलेल्या मुलीचं वजन आता नक्की वाढलेलं असणार. २० किलोच्या पुढे डोल्युटेग्रावीरची मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची गोळी देता येते. शेवटचं वजन कधी झालं आणि त्यानंतर गोळी बदलली का, हे कार्डावर बघा.

लोड १,००० च्या वर आला की सेंटरवर समुपदेशनाच्या जादा बैठका होतात आणि साधारण तीन महिने गोळ्या नीट घेतल्यावर पुन्हा तपासणी होते. तेव्हाही खाली आला नाही तरच औषध बदलायचा विचार. हे तीन महिने तुमच्या हातात आहेत. मात्र या काळात ताप, खोकला, वजन न वाढणं किंवा घरात कुणाला टीबी असं काही असेल तर तारखेची वाट न बघता घेऊन जा. टीबी आम्ही कधीच उद्यावर टाकत नाही.

आता गोळी चुकते कशी ते सांगते, कारण ‘आजी विसरते’ हे उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. एका आजीबाईंकडे मी सलग तीन महिने जात होते. नातू आठ वर्षांचा. डबीतल्या गोळ्या मोजल्या की हिशोब बरोबर लागायचा, लोड मात्र खाली येईना. एकदा भिंतीतल्या कोनाड्यामागे मला गोळ्यांची पुरचुंडी सापडली. पोरगं गोळी तोंडात धरायचं आणि मागच्या दाराने जाऊन लपवायचं. मी त्या आजींवर आवाज चढवला. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे पुसत राहिल्या. नंतर पोराने सांगितलं. वर्गातला एक मुलगा घरी आला होता, त्याने डबी बघितली आणि शाळेत सांगितलं, ‘याला मोठा रोग आहे.’ कोणता, ते पोराला माहीत नव्हतं. घरात कुणी सांगत नव्हतं, शाळेत सगळे बोलत होते. गोळी थांबवली की रोगही थांबेल, असं त्याने त्याच्या परीने ठरवलं होतं. चूक आजींची नव्हती. माझी होती. मी गोळ्या मोजत बसले, पोराशी बोलले नाही. त्या दिवसानंतर मी कुठल्याही घरात पहिला अर्धा तास मुलाजवळ बसते.

म्हणून आजीला ‘देतेस ना वेळेवर?’ असं फोनवर विचारू नका. ती ‘व्हय’ म्हणणार. गावी जा, दोन रात्री राहा आणि बघा. पाहुणे आले की गोळीचं काय होतं? जत्रेला, लग्नाला, दुसऱ्याच्या घरी मुक्काम पडला तर डबी सोबत जाते का? आजीला बारीक अक्षर दिसतं का? घड्याळ कळतं का? रात्री आठची वेळ लिहून दिली आणि घरात घड्याळच नाही, असं मी कितीदा पाहिलंय. अशा घरात आम्ही वेळ दिवेलागणीला बांधतो. देवापुढे दिवा लागला की गोळी. तो नेम आजी आयुष्यभर पाळत आलेली असते, त्यात एक गोळी सहज बसते. रोज एकदाच घ्यायची असेल तर शाळेच्या वेळेचा प्रश्नच येत नाही, आणि शाळेत कुणाला कळायचं कारण उरत नाही.

हे आज इतकं सोपं वाटतं, म्हणून थोडं मागचं सांगते. सरकारने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू केली. पण मुलांसाठी वेगळ्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला नोव्हेंबर २००६ मध्ये. तोवर आम्ही मोठ्यांची गोळी मोडून अर्धी, पाव करून पुडीत बांधून देत होतो. नंतर जी पातळ औषधं आली त्यातलं एक इतकं कडू की पोरं ओकायची आणि आया रडायच्या. आज लहानग्यांसाठी पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची डोल्युटेग्रावीरची गोळी आहे. तेव्हा गेलेल्या लेकरांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आहेत, त्यामुळे आज हातात असलेली गोळी केवळ संकोचापायी वाया जाते तेव्हा मला फार लागतं.

संस्थेचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारलाय, तसंच उत्तर देते. पुण्याजवळ भूगावची ‘मानव्य’, पंढरपूरची ‘पालवी’, लातूरकडच्या हासेगावचं ‘सेवालय’, नगरचं ‘स्नेहालय’, या माणसांनी त्या काळात लेकरं उचलून घेतली जेव्हा सख्खे नातेवाईक दारात उभं करत नव्हते. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण ज्या काळात त्या संस्था उभ्या राहिल्या त्या काळात मुलाला जगवणं हाच प्रश्न होता. आता तुमच्या भाचीला साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य जगायचं आहे. त्यात तिला गाव लागेल, नातं लागेल, रागावायला आणि रुसायला हक्काचं माणूस लागेल. अठरा वर्षं झाली की बालगृहातून बाहेर पडावं लागतं, आणि तेव्हा परत यायला घर उरलेलं नसेल तर ती मुलं फार हेलपाटतात. बाल न्याय कायदाही हेच सांगतो की कुटुंब हाच पहिला मार्ग आणि संस्था शेवटचा. घरात मारहाण असेल, उपासमार असेल, सांभाळणारं कुणीच नसेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीमार्फत संस्थेत ठेवणं योग्य, आणि तेव्हा मागेपुढे पाहू नये. तुमच्याकडे तसं काही नाही. तुमच्याकडे आजी आहे आणि तिच्यावर जीव आहे.

पुण्याच्या घराबद्दल वहिनींना माझ्याकडून सांगा. एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून, पापे घेऊन, एकाच बाथरूममध्ये अंघोळ करून एचआयव्ही लागत नाही. डासाने लागत नाही, खोकल्याने लागत नाही. दात घासायचा ब्रश आणि ब्लेड वेगळं ठेवायचं, जखम झाकायची, कुणाचंही रक्त उघड्या हाताने पुसायचं नाही, एवढंच. ही शिस्त सगळ्याच घरांत असावी. मुलीचा लोड खाली आला की उरलीसुरली भीतीही जाते. सुट्टीत तिला पुण्याला आणा, दोन्ही पोरांना एकत्र खेळू द्या. वहिनींची भीती व्याख्यानाने जाणार नाही, आठ दिवस सोबत राहून जाईल. आणि पुढे कधी आजी थकलीच, तर ते घर मुलीच्या ओळखीचं असेल.

‘मलाच का गोळी?’ याचं उत्तर आता द्यायची वेळ आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलंय की शाळकरी वयाच्या मुलांना, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, त्यांच्या समजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने त्यांची स्थिती सांगावी. दहा वर्षांची मुलगी विचारते तेव्हा तिला बरंचसं कळलेलं असतं. ती माहिती विचारत नसते. घरातलं माणूस आपल्याशी खरं बोलतं का, हे ती बघत असते.

मी गावाकडच्या मुलांशी शेतातलं बोलते. रानात तण असतं की नाही? रोज खुरपलं तर पीक जोमात येतं, चार दिवस सोडलं की तण वर काढतं. तुझ्या रक्तात एक बारीक जंतू आहे, गोळी म्हणजे रोजची खुरपणी. तो जंतू मरत नाही, पण रोज गोळी घेतली की त्याला डोकं वर काढता येत नाही, आणि तू शाळा, खेळ, लग्न, लेकरं सगळं करू शकतेस. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. काही आठवड्यांनी, तिने विचारलं की, त्या जंतूचं नाव. नाव सांगताना कुजबुजू नका, दार बंद असलं तरी नेहमीच्या आवाजात सांगा. तुमचा आवाज खाली गेला की तिला कळतं, ही लाजेची गोष्ट आहे.

त्यानंतर येणारा प्रश्न कठीण असतो, ‘आईलाही हेच होतं?’ हो म्हणायचं. ‘आईने दिलं मला?’ इथे बरीच घरं खोटं बोलतात, सुईने झालं, रक्त चढवलं म्हणतात. नको. पोटात असताना किंवा दूध पिताना ते तुझ्यात आलं, आईने मुद्दाम दिलं नाही, तिला वेळेवर गोळी मिळाली असती तर तिने तुला त्यातून वाचवलं असतं, असं सांगा. हे खरंच आहे. उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता स्तनपान धरून शंभरात वीस ते पंचेचाळीस असते, उपचारांवर असेल तर पाचाच्या खाली येते. मोठी झाली की हाच हिशोब तिला स्वतःच्या बाळासाठी धीर देईल. आईचा फोटो असेल तर तो जवळ ठेवून बोला. मुली या वेळी आईवर रागावतात, आणि तो राग त्यांना आईच्या फोटोशीच काढू द्यावा लागतो.

सांगणारं माणूस कोण? आजीला जमत नसेल तर तुम्ही, सेंटरच्या समुपदेशकांसोबत. पण आजी त्या खोलीत असावी. आणि ‘कुणाला सांगू नकोस’ एवढंच म्हणून उठू नका. कुणाला सांगायचं, कुणाशी बोलता येतं, ती दोन-तीन नावं तिला द्या.

त्या नावांत एक नाव तिच्यासारख्याच थोड्या मोठ्या मुलीचं असावं, असं मला मनापासून वाटतं. झिम्बाब्वेत हरारे शहरात २००४ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या किशोरांचा एक गट सुरू झाला, त्याचं नाव ‘झ्वांदिरी’, म्हणजे ‘मी जशी आहे तशी’. १८ ते २४ वर्षांच्या, स्वतः गोळ्या घेणाऱ्या तरुणांना शिकवून त्यांनी लहानांच्या घरी पाठवलं. तिथल्या ग्रामीण भागातल्या दवाखान्यांत हे तपासून पाहिलं, त्याचे निकाल २०२० मध्ये आले. नेहमीच्या सेवेत दोन वर्षांच्या सुमारास शंभरातल्या ३६ किशोरांचा लोड आवाक्याबाहेर होता किंवा ते दगावले होते. ताई-दादा सोबत असलेल्यांत ते प्रमाण २५ होतं. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे १९ वर्षांची एक मुलगी महिन्याच्या तारखेला लहानांना घेऊन बसायची. मी वर्षभर जे सांगत होते, ते तिने एका दुपारी पोहोचवलं. तिने फक्त पर्समधून डबी काढून सगळ्यांसमोर गोळी गिळली. तुमच्या सेंटरवर विचारा, असा मुलांचा गट आहे का. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी ‘विहान’ या कार्यक्रमाची आधार केंद्रं २०१३ पासून आहेत, तिथलं काम करणाऱ्या अनेक बायका स्वतः एचआयव्हीसह जगतात. त्यांतली एखादी ताई आजीला फोनवर जोडून द्या.

गावातल्या कुजबुजीबद्दल एक कबुली द्यायची आहे. गावात बोभाटा कधी कधी आमच्यामुळेच होतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही लाल रिबीन काढलेल्या जीपने जायचो. जीप ज्या दारात थांबली त्या घराकडे दुसऱ्या दिवसापासून कुणी पाणी प्यायला येईना. एका घराने त्यामुळे गाव सोडलं. मग आम्ही एसटीने जायला लागलो, वस्तीतल्या पाच घरी बसायचो, शुगर-बीपीची चौकशी करायचो, आणि हव्या त्या घरी चहा प्यायचो. कधी बाजाराच्या दिवशी आजीलाच तालुक्याच्या गावी गाठायचो. तुमच्याकडे कुणी भेटीला येणार असेल तर हे आधीच ठरवून घ्या. कसं यायचं, कोण म्हणून यायचं, हे आजीने सांगावं.

गावातल्या कुणाला सांगायचं ते आजीला ठरवू द्या, पण एक माणूस असावं. शेजारीण, आशाताई, चुलत बहीण, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. आजी तापाने पडली तर त्या रात्री गोळी कोण देणार, एवढ्यासाठी ते हवं. शाळेला सांगायची सक्ती नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारणं, शाळेतून काढणं, वेगळं बसवणं गुन्ह्याच्या पातळीवर न गेलं तरी बेकायदेशीरच आहे, आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. हे मुख्याध्यापकांना शांतपणे सांगायला एक माणूस सोबत घेऊन जा. भांडण शेवटी.

पैशांचंही बोलायला हवं, कारण तारखेला सेंटर गाठायचं म्हणजे आजीचा दिवस आणि दोन एसट्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. इथे एक लक्षात घ्या, तुमची भाची दोन्ही पालक गमावलेलं मूल आहे, त्याच कारणावर ती या योजनेत बसते. दोन मृत्यूचे दाखले लावा. अर्जात आजार लिहायची गरज नाही, आणि जिथे गरज नाही तिथे लिहू नका. एसटीतही एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, पण कंडक्टरपुढे ते कार्ड काढायला नको म्हणून कितीतरी बाया तिकीट काढून येतात. आजीवर त्याची जबरदस्ती करू नका, तिकिटाचे पैसे तुम्ही पाठवा. गोळ्या नियमित झाल्या आणि लोड खाली आला की एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का, तेही विचारा.

आणि जमीन. तुम्ही लिहिलं नाही, तरी विचारते. मेहुण्यांच्या नावावर काही रान होतं का? सातबाऱ्यावर मुलीची वारस नोंद झाली का? आईवडील गेले की चुलते ‘पोरीचं बघू पुढं’ म्हणतात, आणि पुढं कधी येत नाही. मी असं इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्याच भेटीत विचारते. तलाठ्याकडून उतारा काढा, नोंद नसेल तर अर्ज द्या. त्याच २०१७ च्या कायद्यात सोय आहे की अशा मुलाच्या मालमत्तेची कागदपत्रं बालकल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात, आणि मुलाला घरातून किंवा जमिनीवरून हुसकावलं जात असेल तर तक्रारही तिथेच करता येते.

शेवटी आजीचं. तिची शुगर, बीपी, डोळे कधी तपासलेत? तिने आपली लेक गमावली आहे, जावई गमावला आहे, आणि तिच्याशी त्याबद्दल कुणी बोललेलं नाही, कारण आजाराचं नावच घ्यायचं नाही. माझ्याकडच्या अनेक आज्या सेंटरच्या बाकावर पहिल्यांदा रडल्या, घरी त्यांना रडायला जागा नव्हती. पुढच्या तारखेला तुम्ही रजा काढून जा. मुलीला समुपदेशकांकडे बसवा, गोळ्या घ्या, आणि मग आजीला त्याच दवाखान्यात खालच्या ओपीडीत केसपेपर काढून गुडघे दाखवा. परतताना तिघं मिळून स्टँडवर काहीतरी खा, आणि संध्याकाळी दिवा लागेपर्यंत घरी पोहोचा.